हेलिकल एलएसडी, आठ महिन्यांनंतर: खरं काम रिव्हेट आणि शिमचं

गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाविया आरएस: १.८ टर्बो, १५० पीएस, पाच गिअर. बसवलाय क्वाइफ कंपनीचा हेलिकल एलएसडी, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल. डिफरन्शियल इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटतं; एलएसडी असला की एक चाक घसरलं तरी सगळा जोर तिकडेच वाया जात नाही. वापर आठ महिने, साधारण ९,००० किलोमीटर. रोज हिंजवडी, रविवारी बोपदेव नाहीतर ताम्हिणी घाट.

प्लेटवाला एलएसडी का नाही? प्लेटा झिजतात, ऑइल खास लागतं, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कडकड वाजतं. फक्त ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला तो शोभतो. हेलिकलमध्ये नुसते गिअर असतात, नेहमीचंच ७५डब्ल्यू-९० ऑइल चालतं. रोजच्या गाडीला हाच घ्यावा, यात मला शंका नाही.

बोपदेवच्या चढत्या वळणात दुसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दिला की पूर्वी आतलं चाक नुसतं फिरायचं आणि गाडी बाहेर सरकायची. आता गाडीचं तोंड आत वळतं. फार सुंदर वाटतं ते! मात्र आतलं चाक हवेत उचललं गेलं की खेळ संपला. हेलिकल पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या दोन-तीन पट टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो, आणि शून्याची तिप्पट शून्यच. अशा वेळी डाव्या पायाने ब्रेक हलका दाबला की हवेतल्या चाकाला अडकाव मिळतो आणि दुसरं चाक ओढू लागतं. पावसात एक चाक डबक्यात असताना जोर दिला तर स्टिअरिंगला हिसका बसतो. पुढचे दोन्ही टायर सारखेच झिजलेले हवेत.

आता बसवण्याबद्दल. या गिअरबॉक्सचं क्राऊन व्हील (मोठं दातेरी चक्र) कंपनीने डिफरन्शियलवर रिव्हेटने ठोकलेलं असतं. जुन्या गाड्यांत रिव्हेट सैल होऊन बाहेर येतो आणि केसिंग फोडतो, म्हणजे एलएसडी नाही घेतला तरी हे दुखणं आहेच. रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवायची, क्राऊन व्हील साधारण १०० अंशांपर्यंत तापवून नव्या डिफरन्शियलवर बसवायचं, मग बोल्ट किट, थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) आणि टॉर्क रेंच. ड्रिलचा एक कीस आत राहिला तरी बेअरिंग जातं.

सगळ्यात जास्त चूक शिममध्ये, म्हणजे जाडी जुळवायच्या पातळ चकत्यांमध्ये होते. डिफरन्शियल बदललं की बेअरिंगचा प्रीलोड (ते किती दाबून बसलंय) नव्याने मोजावाच लागतो. जुनेच शिम परत टाकले तर गुणगुण सुरू होते, पुढे बेअरिंग जळतं. डायल गेज (बारीक फरक मोजायचं उपकरण) नसलेल्या गॅरेजला हे काम देऊ नका. गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा क्लच आणि एक्सलचे ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्या.

गिअरबॉक्सचं ऑइल जीएल-४ दर्जाचं, साधारण २ लिटर. पहिल्या १,००० किलोमीटरला ते काढून पांढऱ्या कापडातून गाळा. राखाडी, मऊ पूड दिसली तर ठीक. बोटाला टोचणारे कण लागले तर गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्या.