ई-क्लास, फाइव्ह सिरीज, ए६ : नवी घ्यावी की वापरलेली?

ऐंशी लाखांच्या सेडानचा विषय निघाला की वाद लगेच मर्सिडीज की बीएमडब्ल्यू यावर येतो. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा आहे. आधी दोन गोष्टी ठरवा : गाडी किती वर्षं ठेवणार, आणि तुम्ही स्वतः पुढे बसणार की मागे. ही उत्तरं पक्की झाली की नवी की वापरलेली हे ठरतं, आणि ब्रँडची निवडही बरीच सोपी होते.

नव्या गाड्यांत या वर्गात खरी लढत दोघींत आहे. बीएमडब्ल्यूने जुलै २०२४ मध्ये लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलेली) फाइव्ह सिरीज, म्हणजे ५३०एलआय, ७२.९ लाखांना आणली. मर्सिडीजची नवी ई-क्लास ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. ई २०० पेट्रोल ७८.५ लाख, ई २२०डी डिझेल ८१.५ लाख. सगळ्या किमती एक्स-शोरूम. ई-क्लास आपल्या चाकणला तयार होते, फाइव्ह सिरीज चेन्नईजवळ. ऑडी ए६ ची ही पिढी आपल्याकडे २०१९ मध्ये आली, त्यामुळे नव्यापेक्षा वापरलेल्या बाजारात तिचा विचार जास्त करण्यासारखा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गावरचा जीएसटी आणि सेस मिळून होणारा ४८ टक्के कर ४० टक्क्यांवर आला आणि किमती उतरल्या. पण कंपन्या दर काही महिन्यांनी भाव बदलतात, म्हणून पुढच्या हिशेबासाठी एक्स-शोरूम ७५ लाख हा गोल आकडा धरतो.

या ७५ लाखांत जीएसटीच साधारण साडेएकवीस लाख आहे. त्यावर महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, २० लाखांपेक्षा महाग पेट्रोल गाडीला १३ टक्के वाहन कर, म्हणजे पावणेदहा लाख. डिझेल असेल तर १५ टक्के, सव्वाअकरा लाख. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणजे पंधरा लाख. (जुलै २०२५ पासून या कराला ३० लाखांची कमाल मर्यादा आहे, पण या गाड्या तिथवर पोचत नाहीत.) एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, भरावा लागतो, तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्यामुळे तो खर्चात धरू नका. विमा धरून ऑन-रोड आकडा ८७-८८ लाखांवर जातो, आणि त्यातले जवळजवळ ३१ लाख निव्वळ कर आहेत.

हे मुद्दाम इतकं मोजून सांगतोय, कारण वापरलेली गाडी घेण्याचा सगळ्यात भक्कम आधार इथेच आहे. गाडी विकायला निघाल्यावर पहिल्या मालकाने भरलेल्या या करांचे पैसे कुणी मोजून देत नाही. तीन-चार वर्षांत या गाड्यांची किंमत ऑन-रोड रकमेच्या निम्म्याच्या आसपास येते ती केवळ झीज झाल्यामुळे नव्हे. इंजिन, गिअरबॉक्स, सीट चार वर्षांत अर्धे संपत नाहीत. संपतो तो कर आणि नवेपणा. वापरलेली गाडी नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतली तर १८ टक्के जीएसटी फक्त त्याच्या नफ्यावर लागतो; एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीने घेतली तर तोही नाही.

आता माझं ढोबळ गणित. ८८ लाखांची गाडी चार वर्षांनी ४२ लाखांना गेली, तर वर्षाला साडेअकरा लाख घसारा. तीच गाडी दुसऱ्या मालकाने ४२ ला घेऊन आणखी चार वर्षांनी २० लाखांना विकली, तर वर्षाला साडेपाच लाख. त्याच्या दुरुस्तीसाठी वर्षाला दोन लाख वेगळे ठेवले तरी साडेसात. पण पहिल्या मालकाने ती आठ वर्षं ठेवली तर त्याचाही वार्षिक घसारा साडेआठ लाखांवर येतो. म्हणजे दर चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने नवी घेणं सर्वांत महागात पडतं, आणि आठ-दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्याच्या बाबतीत नव्या-जुन्यातलं अंतर बरंच मिटतं. कर्ज असेल तर हे अंतर पुन्हा वाढतं : ६० लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सव्वा लाखाच्या जरासा आत बसतो आणि एकूण व्याज पावणेपंधरा लाखांच्या जवळ जातं. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा दर सहसा जास्त असतो, पण मुद्दल निम्मं असतं.

इथवर वाचून वापरलेलीच घ्यावी असं वाटेल. थांबा. ४२ लाखांना घेतलेल्या ई-क्लासचे सुटे भाग ४२ लाखांच्या गाडीचे नसतात, ते ८८ लाखांच्या गाडीचेच असतात. एक हेडलाइट, एक एअर सस्पेन्शनचा स्ट्रट, गिअरबॉक्सचं एक इलेक्ट्रॉनिक युनिट : यांतली कुठलीही एक गोष्ट वर्षाची बचत खाऊ शकते. म्हणून माझा नियम असा : गाडीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवता येत असेल तरच वापरलेली लक्झरी गाडी घ्या. सगळं बजेट गाडीतच संपत असेल तर एक पायरी खाली या आणि नवी घ्या. टोयोटा कॅम्री हायब्रिड डिसेंबर २०२४ मध्ये ४८ लाखांना आली. अडीच लिटरचं इंजिन, शांत चाल, हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी. मागच्या सीटला ई-क्लासचा थाट नाही, पण पन्नास-पंचावन्न लाखांत निर्धास्त राहायचं असेल, तर मी चार वर्षं जुन्या जर्मन गाडीआधी तिची टेस्ट ड्राइव्ह घेईन.

वापरलेल्यांत निवड करायची तर बीएस-६ प्रदूषण-नियमांची, म्हणजे एप्रिल २०२० नंतर बनलेली गाडी शोधा. स्थिती, रनिंग आणि व्हेरियंटप्रमाणे २०२१-२२ च्या गाड्या ४० ते ५० लाखांच्या पट्ट्यात सापडतात.

मागे बसणार असाल तर मागच्या पिढीची ई-क्लास. २०१७ मध्ये मर्सिडीजने ती लांब व्हीलबेसमध्ये भारतात आणली आणि या वर्गाचं चित्र बदललं. ३,०७९ मिलिमीटरचा व्हीलबेस, मागे कलणारी सीट, वयस्कर आई-वडिलांना चढ-उतार करायला रुंद दार. तिच्यापुढे त्या काळातली २,९७५ मिलिमीटरची फाइव्ह सिरीज आणि २,९२४ ची ए६ मागच्या जागेत तोकड्याच. तिची एक अडचण मात्र आधी पाहून घ्या : स्टेपनी डिकीतच बसते आणि सामानाची जागा खाते. चार माणसांचं कुटुंब सामान भरून गोव्याला निघणार असेल तर हे पहिल्याच फेरीत जाणवेल.

स्वतः चालवणार असाल तर माझं मत स्पष्टपणे मागच्या पिढीच्या फाइव्ह सिरीजच्या बाजूने आहे. त्यातही ५३०डी. तीन लिटर, सहा सिलिंडर, २६५ अश्वशक्ती, ६२० न्यूटन-मीटर, आणि त्याला शोभणारा आठ गिअरचा ऑटोमॅटिक. नवी लांब फाइव्ह सिरीज बाजारात उतरली ती दोन लिटर पेट्रोलवर. चांगली आहे, पण तिचा रोख मागच्या सीटकडे वळला आहे. खंबाटकी घाट स्वतः चालवत चढण्यात ज्याला आनंद आहे, त्याला वापरलेल्या बाजारात जे मिळेल ते नव्या शोरूममध्ये मिळणार नाही. नव्यापेक्षा जुनी सरस ठरते अशी या वर्गातली ही एक जागा.

ए६ शांत आणि नीटस आहे. दोन लिटर पेट्रोल, २४५ अश्वशक्ती, सात गिअरचा ड्युअल क्लच, पुढच्या चाकांना ताकद. वापरलेल्या बाजारात तिची किंमत बाकी दोघींपेक्षा लवकर उतरते असं मला दिसतं, त्यामुळे खरेदीत फायदा आणि विक्रीत तोटा. तुमच्या शहरात ऑडीचं चांगलं वर्कशॉप असेल आणि गाडी पुरती वापरूनच काढायची असेल, तर विचार करा.

पेट्रोल की डिझेल हा प्रश्न इथे सरळ रनिंगवर सुटतो. रोजचं जाणं कोथरूड ते हिंजवडी किंवा अंधेरी ते बीकेसी असेल तर डिझेल घेऊ नका. बीएस-६ डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, साफ व्हायला इंजिन बराच वेळ सलग गरम आणि चालतं राहावं लागतं. बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये तो तुंबतो. आठवड्याला पुणे-नाशिक किंवा महिन्याला दोनदा समृद्धीवरून नागपूर असेल तर डिझेलसारखं सुख नाही. जुन्या पेट्रोल गाडीबाबत एक काळजी इथेनॉलची. एप्रिल २०२३ आधी बनलेल्या सगळ्याच गाड्या ई२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, बनवलेल्या नव्हत्या. इंधन टाकीच्या झाकणामागे काय लिहिलंय ते वाचा आणि कंपनीच्या वर्कशॉपला चॅसिस नंबर देऊन विचारा.

नवी घेणाऱ्यांनीही एक माप आधी घ्यावं, पार्किंगचं. नवी ई-क्लास ५,०९२ मिलिमीटर लांब आहे, नवी फाइव्ह सिरीज ५,१६५. पुण्या-मुंबईतल्या अनेक सोसायट्यांचं एकावर एक गाड्या चढवणारं स्टॅक पार्किंग पाच मीटरच्या आसपासच्या गाड्या धरून बसवलेलं असतं. पॅलेटवर लांबीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. बुकिंगची रक्कम भरण्याआधी ती वाचा. मागच्या फाइव्ह सिरीज आणि ए६ ची लांबी पाच मीटरच्या आत आहे, आणि फक्त तेवढ्यासाठी त्या निवडणं मला अगदी योग्य वाटतं. लांब व्हीलबेसची गाडी सोसायटीच्या उंच स्पीडब्रेकरवर पोटाशी घासते, म्हणून टेस्ट ड्राइव्ह थेट घरापर्यंत मागा.

वापरलेली कुठून घ्यायची? मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, ऑडी अप्रूव्ह्ड प्लस ही कंपन्यांची स्वतःची दालनं आहेत. तिथे बाहेरच्या दलालापेक्षा गाडी काही लाखांनी महाग मिळते, पण वॉरंटी मिळते आणि सर्व्हिसची नोंद तपासलेली असते. पहिल्यांदाच या वर्गात येणाऱ्याने ते जादा पैसे द्यावेत. ओळखीच्या पहिल्या मालकाकडून थेट मिळत असेल तर उत्तमच. उरलेली वॉरंटी तुमच्या नावावर वळते का, हे मात्र कंपनीकडून लेखी घ्या.

दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी दिसली की हात आखडता घ्या. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे डिझेल लवकर विकायला निघतात आणि भाव मोहक दिसतो. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथे पुन्हा भरायचा वाहन कर, आणि तिकडच्या कराचा परतावा मिळवण्याची धावपळ धरली की फरक बराचसा विरघळतो.

तपासणीला स्वतः जा आणि सकाळी इंजिन थंड असताना जा. विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. मीटरवरचा आकडा वर्कशॉपच्या नोंदींशी ताडून पाहा; चॅसिस नंबरवरून प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं रनिंग निघतं आणि मीटर मागे फिरवलेलं असेल तर तिथेच उघडं पडतं. स्कॅनर लावून सगळ्या युनिटमधले एरर कोड काढून घ्या. पेंटची जाडी मोजणारं यंत्र बहुतेक चांगल्या तपासनिसांकडे असतं. छताला किंवा खांबांना पुन्हा रंग असेल तर गाडी सोडा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटची वीतभर पट्टी बघा. पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे आपण पाहिलंय, आणि पुरातून काढलेली गाडी धुऊनपुसून कुठल्याही शहरात विकायला येऊ शकते. टायरवरचा चार आकडी कोड वाचा : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर जुनं असेल तर नक्षी कितीही खोल दिसो, समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर ते टायर घालू नका. बीएमडब्ल्यूला रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) टायर असतील तर चार नव्यांचा भाव काढून तो किमतीतून वजा मागा.

शेवटचा पैसा कधी द्यायचा, यावर ठाम राहा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, मग मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. टोकन द्या, पण मोठी रक्कम कागद हातात आल्याशिवाय नाही. न भरलेली ई-चलानं परिवहनच्या संकेतस्थळावर गाडी नंबर टाकून बघा आणि विक्रेत्याकडून भरून घ्या. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या; नो क्लेम बोनस विक्रेत्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्त्याचा फरक तुम्हाला भरावा लागेल. पॉलिसी घेताना झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट ही दोन्ही कव्हर मागा. पाणी साचलेल्या सबवेत इंजिनात पाणी शिरलं तर साधी पॉलिसी सहसा हात वर करते, आणि या गाड्यांच्या इंजिनाचं बिल पाहता हे दुसरं कव्हर मी कधीच वगळणार नाही.