कोपरासाठी सुया: धरमपेठेतल्या ॲक्युपंक्चर क्लिनिकचा माझा अनुभव

नागपूरच्या महाल भागात माझं लंबी रोटीचं ऑर्डरचं काम आहे. ज्यांनी ही रोटी नुसती खाल्ली आहे, त्यांना तिच्यामागची मेहनत कळत नाही. सैल, लोंबती कणीक या हातावरून त्या हातावर झुलवत ताणायची आणि उलट्या मटक्यावर टाकायची, हे लग्नसराईत सकाळपासून दुपारपर्यंत चालतं. यंदा उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी असं दुखायला लागलं, की चहाचं पातेलं उचललं तरी कळ मस्तकात जायची. ओला पंचा पिळणं तर सोडाच.

धंतोलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी मनगट मागे वळवून पाहिलं आणि टेनिस एल्बो सांगितलं. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची कंडरा तिथं हाडाला चिकटते, ती दुखावली आहे. माणूस सरळ होता. म्हणाले, स्टिरॉइडचं इंजेक्शन देतो, काही आठवडे छान वाटेल, पण नंतर दुखणं उलटण्याचा संभव जास्त. नाहीतर व्यायाम करा आणि धीर धरा, बहुतेकांचं वर्षभरात आपोआप बरं होतं. वर्षभर! तोवर ऑर्डरी कोणी घ्यायच्या? म्हणून नणंदेच्या सांगण्यावरून मी चिनी सुयांच्या वाटेला गेले.

क्लिनिकचं नाव इथं टाकत नाही, कारण एक तक्रारही लिहायची आहे. जागा स्वच्छ, एसी चालू, भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो. मला एक कळत नाही, नागपुरात दवाखाना काढून फोटो फक्त सोलापूरकरांचा कशाला? 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात कोटणीसांबरोबर आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. आणि त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू नंतर पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले. डॉक्टरीणबाईंना हे बोलून दाखवलं तर त्या हसल्या, "काकू, फोटो आणून द्या, लावते." फोटोच्या बाजूला त्यांचं नोंदणीचं प्रमाणपत्र होतं, ते मी चष्मा लावून वाचलं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे. कुठंही जा, आधी ते प्रमाणपत्र शोधा. चार दिवसांचा कोर्स करून सुया टोचणारेही गावात आहेतच.

आता सुयांबद्दल. आधी एक फॉर्म भरून घेतात: रक्त पातळ करायची गोळी आहे का, पेसमेकर आहे का, तरुण बाई असेल तर दिवस गेलेत का. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला बिंदू गरोदर बाईला टोचत नाहीत म्हणे. मग हात काटकोनात वाकवायला लावला, घडी जिथं संपते तिथं बोट दाबलं, तो छूची नावाचा बिंदू. तिथून खाली मनगटाकडे दोन त्सुन मोजलं की शौसानली हा दुसरा बिंदू. हे माप पट्टीचं नाही, ज्याच्या त्याच्या अंगठ्याच्या रुंदीचं असतं. रोट्या करून करून माझा अंगठा चांगलाच रुंद झालाय, त्या हिशेबानं त्यांनी सुई थोडी खाली नेली. सुया केसासारख्या बारीक, प्रत्येक वेळी माझ्यासमोर नवं पाकीट फोडलं. टोचताना फारसं कळतच नाही. कळतं ते सुई फिरवल्यावर, आतून एकदम जड, बधिर, हात कोणी धरून ठेवल्यासारखं. त्या विचारतात, "जडपणा आला का?" आला म्हटलं की थांबतात. मग एक सुई गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला. बाप्पा, दुखतो हात आणि टोचता पायाला? तर चिनी शास्त्रात तो बिंदू सगळ्या कंडरांचा मानतात. पटलं नाही, पण पाय दिला. शेवटी दोन सुयांना चिमटे लावून बारीक करंट सोडतात, बोटं आपोआप टकटक उडतात. वीसेक मिनिटं तसंच पडून राहायचं.

फायदा झाला का? झाला. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर रात्री कुशीवर वळताना जाग यायची थांबली. पण नुसत्या सुयांना श्रेय दिलं तर ते खोटं होईल. सुईनं दोन-तीन दिवस ठणका उतरायचा, मग परत यायचा. त्या उतरलेल्या दिवसांत जे करून घेतलं, ते कामाचं. बाईंनी हातात टॉवेल देऊन म्हटलं, "रोटी कशी ताणता, करून दाखवा." मी केलं. त्यांनी दोनदा करायला लावलं आणि बरोबर पकडलं, कणीक झेलताना माझं उजवं मनगट प्रत्येक वेळी मागे मोडतं, आणि सगळा भार त्याच कंडरेवर येतो. आता मनगट सरळ ठेवून खांद्यातून झुलवते. पातेलं तळहात वर करून उचलते. शिवाय व्यायाम: हात टेबलावर, पंजा कडेबाहेर पालथा, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, डाव्या हातानं पंजा वर उचलायचा आणि उजव्यानं सावकाश खाली सोडायचा. आधी हे करताना डोळ्यांत पाणी यायचं. सुया झालेल्या दिवशी जमायचं.

मोक्साही एकदा केलं. आपल्या दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीची वात पेटवून कोपराजवळ धरतात. ऊब बरी वाटते, पण एसीच्या बंद खोलीत तो धूर! घरी आल्यावर सून म्हणाली, कुठं होम करून आलात? पुन्हा नको म्हटलं.

तक्रार काउंटरची. एका सिटिंगचे 600 रुपये, ठीक आहे, परवडतं. पण बाई आत गेल्या की बाहेरची मुलगी दहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरा म्हणून मागे लागते, आणि वरून चिनी गोळ्यांची बाटली पुढं करते. बाटलीवर सगळं चिनी, एक अक्षर वाचता येईना. मला बीपीची गोळी चालू आहे. भाच्याचं औषधांचं दुकान आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, चिनी काढ्या-गोळ्यांत जेष्ठमध फार वेळा असतं, आणि ते जास्त दिवस पोटात गेलं की बीपी वाढतो. मी बाटली परत केली आणि बाईंना सांगितलं. त्यांनी काउंटरवर झापलं खरं, पण बाटल्या अजून तिथंच मांडलेल्या आहेत. तुम्ही सिटिंगचे पैसे त्या त्या दिवशीच द्या.

शंकरनगर चौक मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं, गाडी लावायला जागा नाही. बाही कोपरावर सरकेल असं काहीतरी घाला, सलवारही सैल हवी. आणि उपासाच्या दिवशी जाऊ नका. रिकाम्या पोटी सुया टोचल्या की काहींना चक्कर येते, माझ्यासमोर एका धट्ट्याकट्ट्या पोट्ट्याला आडवं करून पाणी पाजावं लागलं.