निगेटिव्ह कट हातमोजे : पूर्ण हंगामाच्या वापरानंतर

फुटबॉलच्या गोलरक्षकाच्या हातमोज्यांची परीक्षणे बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात लिहिली जातात. त्या आठवड्यात कोणताही बरा हातमोजा चेंडू धरून ठेवतोच. तळव्यावरचे कोरे लेटेक्स, म्हणजे मऊ रबर, चिकट असते, शिवण घट्ट असते आणि वापरणाऱ्याचा उत्साहही ताजा असतो. मी हे परीक्षण पूर्ण एक हंगाम वापरून झाल्यावर लिहीत आहे. ज्या हातमोज्यांबद्दल लिहितो आहे त्यांची ठेवण अशी आहे : निगेटिव्ह कट, म्हणजे बोटांच्या शिवणी आतल्या बाजूला, तळव्याला ४ मिलिमीटर जाडीचे लेटेक्स, मनगटाला वेल्क्रोचा रुंद पट्टा, आणि बोटांच्या पाठीमागे आधाराच्या कडक पट्ट्या नाहीत. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच ठेवणीचे हातमोजे अनेक कंपन्या बनवतात, मॉडेलचे नाव आणि रंग वारंवार बदलत राहतात, आणि घेणाऱ्याच्या उपयोगी पडते ती ठेवणीची माहिती.

मी या वस्तूकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे आधी सांगायला हवे. सहा हंगाम मी व्यावसायिक गोलरक्षक होतो आणि त्यातील बराचसा काळ राखीव होतो. आता तरुण गोलरक्षकांना शिकवतो आणि त्यांच्याबरोबर रोज मैदानात उतरतो. राखीव गोलरक्षकाची कारकीर्द सरावाच्या मैदानावरच जाते. बचावपटू जायबंदी झाला तर मधल्या फळीतील एखादा खेळाडू मागे येऊ शकतो, त्यामुळे इतरांना कुठे ना कुठे संधी मिळत राहते. गोलपोस्टमध्ये मात्र जागा एकच असते, आणि पहिला गोलरक्षक धडधाकट असेल तर दुसरा महिनोन्महिने एकही सामना न खेळता रोज फटके अडवत राहतो. पहिल्या गोलरक्षकाचा हातमोज्यांच्या कंपनीशी करार असतो, त्यामुळे जोड खराब झाला की दुसरा हजर असतो. राखीव गोलरक्षकाला आणि हौशी गोलरक्षकाला आपला जोड जपून, धुऊन, शेवटपर्यंत वापरावा लागतो. म्हणून हातमोजा पहिल्या दिवशी कसा आहे यापेक्षा पन्नासाव्या सरावानंतर त्याचे काय झाले आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आज हातमोज्यांशिवाय गोलरक्षकाची कल्पनाच करता येत नाही, पण ही सवय तशी अलीकडची आहे. जुन्या पिढीतील कित्येक गोलरक्षक उघड्या हातांनी खेळत आणि फार तर पावसात लोकरीचे किंवा सुती मोजे घालत. पश्चिम जर्मनीच्या सेप मायरने १९७० च्या दशकात मोठ्या आकाराचे हातमोजे सर्वांच्या डोळ्यांत भरतील असे वापरले, १९७४ चा विश्वचषक जिंकला आणि बायर्न म्युनिककडून बुंडेसलीगात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत, सलग ४४२ सामने खेळला. त्याच्या काळापासून तळव्याचे क्षेत्रफळ वाढवणारे हातमोजे रूढ होत गेले. मोठा तळवा चांगला, ही समजूत अजूनही अनेक दुकानदारांच्या आणि पालकांच्या मनात घट्ट बसलेली आहे. निगेटिव्ह कट तिच्या अगदी उलट दिशेने जातो.

फ्लॅट कट हातमोज्यात तळव्याचे लेटेक्स एका सपाट तुकड्यात असते आणि बोटांच्या कडेला कापडाची पट्टी जोडून शिवण बाहेर ठेवलेली असते. हात आत सैल राहतो आणि चेंडूला लागणारा भाग रुंद मिळतो. रोल फिंगरमध्ये लेटेक्स बोटाभोवती गुंडाळलेले असते. निगेटिव्ह कटमध्ये शिवण आत वळवलेली असल्याने हातमोजा बोटांना चिकटून बसतो आणि पहिल्यांदा घातल्यावर थोडा आवळतो. हे आवळणे तीन-चार सरावांत जाते. मात्र माप घेताना चूक केली तर ते जात नाही. बोटाचे टोक आणि हातमोज्याचे टोक यांच्यात साधारण अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. माझे नेहमीचे माप ९ असताना या ठेवणीत मला साडेनऊ घ्यावे लागले.

पहिल्याच सरावात माझ्याकडून एक चूक झाली आणि तिचा दोष हातमोज्यांना देता येणार नाही. कोऱ्या लेटेक्सवर निर्मितीच्या वेळचा एक पातळ थर राहिलेला असतो आणि तो कोमट पाण्यात धुऊन काढल्याशिवाय पकड खुलत नाही. मला हे ठाऊक असूनही घाईत मी जोड तसाच घातला. पाऊस नुकताच थांबलेला होता, गवत ओले होते, आणि डाव्या बाजूने आलेला जमिनीलगतचा एक साधा फटका टप्पा पडल्यावर वेग घेऊन तळव्यावरून साबणाच्या वडीसारखा निसटला. त्या रात्री हातमोजे धुतले. दुसऱ्या दिवशी तशाच ओल्या मैदानावर तसेच फटके छातीशी येऊन थांबत होते. ज्यांना हे हातमोजे पहिल्या दिवशी निकृष्ट वाटले असतील, त्यांनी ते परत करण्यापूर्वी एकदा धुऊन पाहावेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या हातमोज्यांचा खरा गुण पकड हा नाही. ४ मिलिमीटरचे मऊ लेटेक्स चांगले असेल तर कोणत्याही ठेवणीत पकड मिळते. यांचा गुण असा की चेंडू हाताला कुठे लागला, किती फिरत होता आणि कोणत्या बोटाने तो थांबवला, हे हाताला कळते. छातीच्या वर आलेला चेंडू पकडताना दोन्ही अंगठे जवळ आणि बोटे पसरलेली ठेवून चेंडूच्या मागे हात न्यायचे असतात. अंगठ्यांमधले अंतर थोडे वाढले की चेंडू मधून मागे जातो. जाड, सैल हातमोज्यात ही चूक झाली तरी रुंद तळव्यामुळे चेंडू बऱ्याचदा हातात राहतो, आणि चूक झाली हे गोलरक्षकाला समजतच नाही. या हातमोज्यांत ती तत्काळ समजते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने हा जोड पंधरा मिनिटे घालून पाहिला आणि तिसऱ्या-चौथ्या चेंडूनंतर आपणहून अंगठे जवळ आणले. त्याआधी तीच गोष्ट मी त्याला कित्येक आठवडे तोंडाने सांगत होतो.

बोटांच्या आधारपट्ट्यांबद्दल माझे मत अनुभवाने बनलेले आहे. या पट्ट्या पुढे वाकतात, मागे वाकत नाहीत, त्यामुळे जोरदार फटक्याने बोट उलटे मुडपू नये हा त्यांचा हेतू आहे, आणि हेतू रास्तच आहे. याआधी मी पट्ट्यांचेच हातमोजे वापरत असे. त्यांतील एका जोडाच्या अनामिकेची पट्टी आपल्या खोबणीतून सरकली आणि एका सरावात तिचे टोक बोटाच्या मधल्या सांध्यावर दाबले जाऊन सांधा सुजला. ते बोट आजही पूर्ण सरळ होत नाही. विकणाऱ्याने वापरलेला माल परत घेण्यास नकार दिला. ती तक्रार जुनी झाली, पण त्या दुखापतीच्या आधीपासून पट्ट्यांची एक अडचण मला जाणवत होती. पट्ट्या असल्या की मूठ घट्ट वळत नाही. कॉर्नरच्या, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या फटक्याच्या, गर्दीत चेंडू पकडणे शक्य नसते तेव्हा तो मुठीने दूर लोटावा लागतो, आणि मूठ अर्धवट वळलेली असेल तर चेंडू हवा तितका लांब जात नाही आणि समोर उभ्या असलेल्या आघाडीपटूच्या पायाशी पडतो. निगेटिव्ह कटमध्ये मूठ उघड्या हातासारखी वळते. ज्यांच्या बोटांना आधीच दुखापत आहे त्यांनी सांध्याला चिकटपट्टी बांधून खेळावे किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने आधाराचे हातमोजे घ्यावेत. निरोगी बोटांच्या तरुण गोलरक्षकाला मात्र सुरुवातीपासून पट्ट्यांची सवय लावणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यामुळे बोटांची स्वतःची ताकद वाढवण्याकडे दुर्लक्ष होते.

उघड्या हातावर गोलरक्षकाचा किती विश्वास असू शकतो, याचे एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. २००४ च्या युरो स्पर्धेतील उपांत्यपूर्व सामन्यात लिस्बनमध्ये पोर्तुगाल आणि इंग्लंड पेनल्टीपर्यंत पोहोचले, तेव्हा पोर्तुगालच्या रिकार्डोने हातमोजे काढून टाकले, डॅरियस व्हॅसेलचा फटका अडवला आणि लगेच पुढची पेनल्टी स्वतः मारून सामना जिंकून दिला. यावरून हातमोजे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ११ मीटरवरून आलेला चेंडू अडवायचा असतो, धरायचा नसतो. ९० मिनिटांच्या सामन्यात मात्र धरलेला चेंडू आणि नुसता अडवलेला चेंडू यांत एका गोलाचे अंतर असते.

चेंडू हातांनी फेकण्यातही हे हातमोजे सरस ठरतात. गोलरक्षकाने चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर देण्याचा नियम २०२५ मध्ये आला, त्यामुळे उठणे, पाहणे आणि फेकणे हे सगळे झटपट करावे लागते. सैल हातमोज्यात फेकीच्या शेवटच्या क्षणी हात आत किंचित सरकतो आणि चेंडूची दिशा बिघडते. इथे तसे होत नाही. अर्थात १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू हातात घेण्यास बंदी झाल्यापासून गोलरक्षकाचे पायाचे काम सतत वाढत गेले आहे, आणि अत्यंत मोलाचे काही बचावही पायानेच झाले आहेत : २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या इकेर कासियासने नेदरलँड्सच्या रॉबेनचा फटका आणि २०२२ च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझने फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका पायाने रोखला.

आता दोष. पहिला दोष झिजण्याचा. दहाव्या आठवड्याच्या सुमारास उजव्या तळव्याच्या टाचेकडचे, म्हणजे मनगटालगतचे लेटेक्स सोलू लागले. झेप घेतल्यानंतर उठताना आपण तळवा जमिनीवर टेकतो आणि त्या एका हालचालीने जितके लेटेक्स जाते तितके चेंडू पकडून जात नाही. मुठीच्या आधाराने उठण्याची सवय लावून घेतल्यावर झीज बरीच कमी झाली. कोरड्या, कडक मैदानावर रोज सराव करणाऱ्याला मात्र हा जोड अर्धा हंगामही पुरणार नाही. दुसरा दोष मनगटाच्या पट्ट्याचा : वेल्क्रो चांगले आहे, पण पट्टा जिथे शिवलेला आहे तिथला दोरा चौथ्या महिन्यात उसवला आणि मला तो चांभाराकडून शिवून घ्यावा लागला. तळव्याचे लेटेक्स झिजणारच, हे मान्य आहे. पट्ट्याची शिवण उसवणे हा निव्वळ हलगर्जीपणा आहे आणि बनवणाऱ्यांनी तो सुधारायला हवा. तिसरी गोष्ट थंडीची. आतले कापड पातळ असल्याने गारठ्यात जोरदार फटके हाताला झोंबतात.

निगा नीट राखली तर आयुष्य नक्की वाढते. घाम आणि माती लेटेक्सच्या बारीक छिद्रांत बसली की पकड मरते, म्हणून प्रत्येक सरावानंतर हातमोजे कोमट पाण्यात हाताने दाबून धुवावेत, पिळू नयेत, कपड्यांचा साबण लावू नये आणि उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नयेत. कडकडीत वाळलेले लेटेक्स चिरते. ठेवताना दोन्ही तळवे एकमेकांना लावून ठेवले तर ते चिकटतात आणि सोडवताना पापुद्रा निघतो. सामन्याआधी तळवे थोडे ओले करावेत, कारण किंचित दमट लेटेक्सच उत्तम पकडते.

या सगळ्याचा कारकीर्दीशी काय संबंध, असे कोणी विचारील. गोलरक्षक इतर खेळाडूंपेक्षा जास्त वर्षे खेळतो. इटलीच्या दिनो झोफने १९८२ मध्ये वयाच्या ४० व्या वर्षी कर्णधार म्हणून विश्वचषक उंचावला. इटलीचाच जानलुईजी बुफॉन १९९५ मध्ये १७ वर्षांचा असताना पार्मा क्लबाकडून पहिला सामना खेळला आणि २०२३ मध्ये ४५ वर्षांचा होऊन त्याच क्लबातून निवृत्त झाला. इजिप्तच्या एसाम अल हदरीने २०१८ च्या विश्वचषकात ४५ व्या वर्षी सौदी अरेबियाची पेनल्टी अडवली. इतकी वर्षे गुडघे, खांदे आणि बोटे टिकवायची असतील तर फटक्याचा जोर हाताने कसा जिरवायचा हे शरीराला लवकर समजले पाहिजे. चेंडू येताच कोपर किंचित मागे घेऊन तो कुशीत आणण्याची ती लय कडक, जाड हातमोज्यात शिकायला वेळ लागतो. या हातमोज्यांत ती मला तिशीनंतर पुन्हा नीट सापडली, आणि माझ्या वाकड्या अनामिकेसकट पूर्ण हंगाम मी बोटाच्या नव्या दुखापतीशिवाय काढला.

म्हणून माझी शिफारस अशी आहे. रोजच्या सरावासाठी कडक लेटेक्सचा, टिकाऊ फ्लॅट कट जोड ठेवावा, आणि आठवड्यातील एक तंत्राचा सराव व सामने यांसाठी हा निगेटिव्ह कट घ्यावा. एकच जोड परवडत असेल आणि मैदान गवताचे असेल तरीही मी हाच सुचवीन. मैदान मातीचे असेल तर सुचवणार नाही. वाढत्या वयाच्या मुलांना पुढच्या वर्षीही यावा म्हणून एक माप मोठा घेऊन देऊ नये. तसे केल्यास या ठेवणीचा एकमेव मोठा फायदाच निघून जातो.

माझा पहिला जोड आता फक्त फेकीच्या सरावाला उरला आहे. पुढच्या हंगामासाठी याच ठेवणीचा, साडेनऊ मापाचाच दुसरा जोड घेतला. काल रात्री तो कोमट पाण्यातून काढून सावलीत टांगला आणि पट्ट्याच्या शिवणीवर आधीच एक जादा टाका घालून घेतला.