नमुना एका कापडाचा, पडदा दुसऱ्याच कापडाचा

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घराच्या माडीवर एक खोली रिकामी पडून होती. पूर्वी तिथं सुताची बाचकी ठेवायचो. माग विकले तशी ती मोकळी झाली. १६ फूट लांब, ११ फूट रुंद. अप्पांचे गुडघे गेलेत, थिएटरात तीन तास बसणं त्यांना जमत नाही. बेळगावात मराठी पिक्चर लागला तर बघता बघता उतरतो, आणि कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. म्हणून ठरवलं की त्या खोलीतच होम थिएटर करायचं, गेल्या गणपतीच्या आधी. सणाला बहीण पोरांना घेऊन येते, तेव्हा सगळ्यांनी मिळून काहीतरी बघावं एवढीच इच्छा होती.

प्रोजेक्टर नीट चौकशी करून, पक्क्या बिलावर घेतला. त्यात काही वाकडं झालं नाही. वाकडं झालं ते पडद्यात. प्रोजेक्टरच्या खोक्यावर सगळं छापलेलं असतं, पडद्याच्या बाबतीत मात्र विकणारा सांगेल तेच खरं मानावं लागतं. मीही मानलं. सीमाभागात, म्हणजे निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव इकडे घरात असा पडदा बसवू बघणाऱ्यांनी हे सावकाश वाचावं. तोच माणूस अजून इकडे फिरतोय असं ऐकतो.

आमच्या गल्लीतल्या मंडळाला क्रिकेटची मॅच दाखवायला त्यानं पडदा भाड्यानं दिला होता. ओळख एवढीच. मंडळातला मित्र म्हणाला, माणूस चांगला आहे, घरगुती पडदेही देतो. डेमो बघायला त्यानं मला हायवेवर, सीमेच्या पलीकडे, एका गाळ्यात बोलावलं. बाहेर पाटी नव्हती. आत भर दुपारी, खिडकीचा पडदा अर्धवटच ओढलेला, आणि तरी समोर चित्र झळझळीत. अंधार न करता असं चित्र मी आधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "हा एएलआर पडदा आहे अण्णा. खोलीतला उजेड हा गिळतो, प्रोजेक्टरचा तेवढा परत देतो. गेन २.४ आहे. कुठल्याही प्रोजेक्टरला चालतो."

मी पुढं जाऊन कापडाला हात लावला. नख वरून खाली ओढलं तर बारीक आडव्या रेघा लागत होत्या, फणीच्या दातांवरून बोट फिरवावं तशा. मागची बाजू काळी कुळकुळीत. मी नमुना मागितला, त्यानं लगेच तळहाताएवढा तुकडा कापून दिला. त्यामुळं माझा विश्वास अजून वाढला. तो तुकडा मी पाकिटात घालून घरी आणला, आज तेवढाच उपयोगी पडतोय.

१२० इंची पडदा, फ्रेम आणि बसवणूक धरून ३८,००० रुपये ठरले. बिलाचं विचारलं तेव्हा म्हणाला, "तुम्ही कर्नाटकात, मी महाराष्ट्रात. बॉर्डर ओलांडली की जादा टॅक्स बसतो. साधी पावती करतो, तुमचे पैसे वाचतील." इथं माझी पहिली मोठी चूक झाली. आपल्याकडे दोन्ही राज्यांत रोजची ये-जा, त्यामुळं ही गोष्ट पटकन खरी वाटते. पण ती खोटी आहे. राज्यातल्या राज्यात माल घेतला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन भाग लागतात, पलीकडून घेतला तर आयजीएसटी हा एकच लागतो, आणि त्या दोन भागांची बेरीज या एकाएवढीच असते. सीमा ओलांडली म्हणून गिऱ्हाइकावर जास्तीचा कर चढत नाही. २५,००० मी ॲडव्हान्स म्हणून फोनवरून पाठवले. खात्यावर एका बाईचं नाव आलं. "घरातल्यांचं खातं आहे," म्हणाला. मी पाठवून मोकळा झालो.

पडदा आला तो नागपंचमीनंतरच्या धो धो पावसात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. बरोबर दोन पोरं होती, तो स्वतः आला नव्हता. तासाभरात ॲल्युमिनियमची फ्रेम जोडून, कापड ताणून भिंतीवर टांगली, उरलेले १३,००० रोख घेतले आणि निघाले. जाताना एका पांढऱ्या कागदावर "एस्टिमेट" लिहून दिलं. त्यावर मॉडेल नाही, कापडाचा प्रकार नाही, माप म्हणून फक्त "१२० इंच". माझ्या मागे लागलेली घाई सणाची होती. त्यांना घाई का होती ते रात्री कळलं.

रात्री दिवे बंद करून प्रोजेक्टर लावला. मधोमध एक भगभगीत गोल डाग, बॅटरी मारल्यासारखा, आणि कडेला चित्र मळकट. मी मधल्या खुर्चीवर होतो, मला निदान चेहरे दिसत होते. बहीण भिंतीकडेला बसली होती. ती म्हणाली, "दादा, माझ्याकडून सगळं काळंच दिसतंय की." पडद्यावरच्या बाईनं डाळिंबी साडी नेसली होती, तिचा रंग जांभळट राखाडी झाला होता. आमचं घर विणकरांचं, रंग चुकला तर लहान पोरालाही कळतं. चित्रावर साखर सांडल्यासारखी चकचक होती. आणि उठून बाजूनं बघितलं तर तेच चित्र, पुसट, पडद्याच्या मागच्या भिंतीवरही पडलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा जिना चढून वर आले. चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस. त्यांनी पडद्याची खालची कड दोन बोटांत धरली, चुरगळून बघितली, मग मला मोबाईलची बॅटरी मागच्या बाजूनं धरायला सांगितली. उजेड आरपार आला आणि त्यात चौकोनी जाळी स्पष्ट दिसली, उभे-आडवे धागे एकमेकांपासून लांब लांब. अप्पा म्हणाले, "हे पडद्याचं कापड न्हवं रे. चौकात वाढदिवसाचं फ्लेक्स लावतात, ते हाय हे. वरनं चंदेरी रंग मारलाय. धागं मोजता येतात बघ की." त्यांनी नखानं कोपरा खरवडला तर रुपेरी पापुद्रा नखात आला आणि खाली पांढरं प्लॅस्टिक दिसलं.

मी कपाटातला नमुना काढला. त्यामागं बॅटरी धरली तर उजेडाचा एक ठिपकासुद्धा पलीकडे आला नाही. नमुन्यावर नखाला रेघा लागत होत्या, पडदा गुळगुळीत होता. दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढले.

मग टेप लावली. रुंदी ९६ इंच, उंची ७२ इंच. म्हणजे आठ बाय सहा फूट, शाळा-ऑफिसांच्या हॉलमध्ये पूर्वीपासून लावतात ते माप. कर्ण बरोबर १२० इंच भरतो, त्यामुळं कागदावर तो खोटं बोलला नव्हता. पण हे ४:३ चं, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग असं माप आहे. आजचे सिनेमे, मॅच, सगळं १६:९ किंवा त्याहून रुंद असतं. १६:९ चा १२० इंची पडदा साधारण १०४.६ इंच रुंद आणि ५८.८ इंच उंच हवा. माझ्या पडद्यावर १६:९ चं चित्र ९६ बाय ५४ इंचच बसतं, म्हणजे ११० इंची, आणि वर-खाली नऊ-नऊ इंचांच्या पट्ट्या रिकाम्या राहतात. क्षेत्रफळात सहाव्या हिश्श्याएवढी तूट. म्हणून पडदा घेताना नुसते इंच विचारू नका. रुंदी किती, उंची किती, हे इंचात लिहून घ्या आणि तेवढी चिकटपट्टी भिंतीवर लावून बघा.

आता सर्वांत महत्त्वाचं, जे मला आठवड्यानंतर उमगलं. गाळ्यात काढलेला फोटो मी मोठा करून बघत होतो. पडद्याच्या अगदी खाली, टेबलावर, भिंतीला जवळजवळ चिकटून एक बुटकं पांढरं खोकं दिसलं. तो अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर होता, पडद्याच्या पायथ्याशी बसून वर उजेड फेकणारा. तो आडव्या रेघांचा पडदा खास त्याच्यासाठीच असतो. रेघांची खालची बाजू खालून आलेला उजेड बघणाऱ्याकडे पाठवते, वरची बाजू छताकडून आलेला उजेड शोषून घेते. माझा प्रोजेक्टर छताला, खोलीच्या मागच्या टोकाला टांगलेला. त्याचा उजेडही वरून येतो, म्हणजे तो पडदा माझा प्रोजेक्टरच दिव्यासारखा गिळला असता. मला नमुन्यातलं खरं कापड दिलं असतं तरी माझ्या खोलीत ते फुकट गेलं असतं. लांबून उजेड टाकणाऱ्या प्रोजेक्टरसाठीचे एएलआर पडदे वेगळे येतात. "कुठल्याही प्रोजेक्टरला चालतो" असं एएलआरबद्दल कुणी म्हणालं की तिथूनच परत फिरा.

आणि गेनचं. २.४ हा आकडा ऐकून मला वाटलं, पडदा चित्र अडीच पट उजळ करतो. कापड स्वतःचा उजेड तयार करू शकत नाही. साधा मॅट पांढरा पडदा उजेड सगळीकडे सारखा पसरवतो, त्याला गेन १ धरतात. गेन वाढवायचा म्हणजे कडेचा उजेड काढून समोर द्यायचा. मधल्या खुर्चीला मिळतं ते भिंतीकडेच्या खुर्चीचं कापून. अकरा फुटी खोलीत, जिथं घरातली निम्मी माणसं कडेलाच बसणार, तिथं मोठा गेन घेणं म्हणजे बहिणीला अंधारात बसवणं. आणि त्याची गरजही नव्हती. फिल्मवर चालणाऱ्या चित्रपटगृहांत पडद्यावरच्या उजेडासाठी १६ फूट-लँबर्ट (पडद्यावरून डोळ्यांकडे येणाऱ्या उजेडाचं माप) हे प्रमाण मानत. १२० इंची १६:९ पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ४२.७ चौरस फूट. गुणाकार केला तर गेन १ च्या पडद्यावर प्रोजेक्टरचे साधारण ७०० ल्युमेन (उजेडाचं माप) पोचले की पुरे, अंधार असेल तर. माझी खोली अंधारी करता येते, दोन खिडक्या आहेत. माझ्यापुढं जी अडचण नव्हतीच, तिचं औषध त्यानं मला विकलं. खरं तर खिडक्यांना जाड पडदे आणि गडद रंगाचं छत एवढ्यानं काम झालं असतं.

त्याला फोन केला. पहिल्या दिवशी म्हणाला, "नवीन आहे, आठ दिवसांत कापड बसेल." आठ दिवसांत पावसाळी दमटपणानं कापड खालून लाटांसारखं सुटलं. मॅच लावली की पिचवरची क्रीज वाकडी दिसायची. दुसऱ्यांदा म्हणाला, "तुमचा प्रोजेक्टरच हलका आहे." तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही. एस्टिमेटवर एक जीएसटी नंबर होता, तो मी सरकारी पोर्टलवर घालून बघितला. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. नंबर भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. हे पैसे देण्याआधी दोन मिनिटांत कळलं असतं. नंबर १५ अक्षरांचा असतो, त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकाचे २९. इकडच्या लोकांनी तेवढे दोन आकडे तरी पाठ करावेत.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर फोन केला आणि तक्रार नोंदवली. त्याच्याकडून उत्तर आलं नाही, म्हणून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. विकणारा पलीकडच्या राज्यातला, मग आपण काय करणार, असं मला घरातल्यांनीही म्हटलं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझ्याकडे पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याची नोंद, गाळ्यातला फोटो आणि तो तुकडा एवढंच आहे. पक्कं बिल असतं तर काम किती सोपं झालं असतं, हे तिथल्या टेबलापुढं उभं राहिल्यावर फार जाणवलं.

सध्या आम्ही भिंतीवरच बघतो. भिंतीला दोनदा पुट्टी ओढून, घासून, वर मॅट पांढरा रंग दिला. छत गडद केलं. बहीण दिवाळीला आली तेव्हा मुद्दाम तिला कडेच्याच खुर्चीवर बसवलं. साडी डाळिंबीच दिसली.

तो चंदेरी पडदा फ्रेमसकट प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवलाय, भिजू नये म्हणून. पुढची तारीख श्रावणात आहे. अप्पा म्हणतात, मीबी येतो. जिने चढायचे आहेत, त्रास होईल, तरी ऐकत नाहीत. कापड हातात धरून त्यांनाच दाखवायचंय.