होम मैदान की किल्ल्याची बाग?

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा रोज कानावर पडतात. तरीही पूर्व भागातील विणकर वस्तीतला मुलगा आणि दुसऱ्या टोकाच्या मोहल्ल्यातला मुलगा एका वर्गात क्वचितच बसतात, कारण शाळाही बहुधा वस्ती आणि माध्यम पाहूनच निवडली जाते. त्यामुळे त्यांची गाठ पडायची ती मोकळ्या जागेतच. शहरातल्या अशा दोन जागांपैकी, होम मैदान आणि किल्ल्याची बाग यांपैकी, वेगवेगळ्या वस्त्यांतल्या मुलांना जास्त एकत्र कोण आणते, हा प्रश्न आहे.

होम मैदानावर हे काम चेंडू करतो. एक गडी कमी पडला की शेजारच्या डावातून मागून घेतात, त्याला आधी ‘बॉलिंग जमते का’ असे विचारतात आणि आडनाव, कळलेच तर, खेळ संपल्यावर कळते. धावबादचा वाद एका भाषेत सुरू होऊन दुसऱ्या भाषेत मिटतो. जानेवारीत याच मैदानावर गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरली की पाळण्याच्या रांगेत सगळेच उभे असतात.

भुईकोट किल्ल्यालगतच्या बागेत सावली आहे, निवांतपणा आहे आणि मुलींना तिथे बसता येते. पण प्रत्येक घोळका आपापल्या बाकापुरता राहतो.

१२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या वेगवेगळ्या समाजांतल्या सोलापूरच्या स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी झाली. या चौघांच्या शहरात मुलांनी एकमेकांना नावाने ओळखावे, असे मला मनापासून वाटते, म्हणून माझा कौल मैदानाला आहे. मात्र तिथे मुली कडेकडेनेच चालतात, डावात उतरत नाहीत, ही उणीव मला फार मोठी वाटते.