वहीतला लाल ‘आर-वन’ आणि कार्नेगी वर्गीकरणाची साइट

भाचीला अमेरिकेत बीएस्सी करायचंय. वहीत चौदा विद्यापीठांची नावं होती आणि सात नावांपुढे लाल पेनाने ‘आर-वन’, म्हणजे सर्वाधिक संशोधन करणाऱ्या विद्यापीठांचा गट, असं लिहून खाली दोन-दोन रेघा मारलेल्या. उरलेली सात तिच्या मनातून उतरलीच होती. म्हणून दोन रात्री आम्ही कार्नेगी वर्गीकरणाच्या, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांचे आणि कॉलेजांचे गट पाडणाऱ्या यादीच्या, साइटवर बसलो.

साइट फुकट आहे. संस्थेचं नाव टाकलं की तिचं पान उघडतं आणि ती कुठल्या गटात आहे ते कळतं. भाची निकष वाचून गप्पच झाली. २०२५च्या यादीत आर-वन व्हायला संशोधनावर वर्षाला किमान ५ कोटी डॉलर खर्च आणि किमान ७० संशोधन-डॉक्टरेट पदव्या द्याव्या लागतात. बस्स. पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, वर्गात किती मुलं असतात, याचा त्यात संबंधच नाही. माझा मोठा भाचा अशाच एका आर-वनमध्ये शिकला. केमिस्ट्रीच्या वर्गात चारशे मुलं, शंका विचारायची तर पीएचडी करणाऱ्या मुलांना. याउलट अ‍ॅमहर्स्ट कॉलेज फक्त बॅचलर पदवी देतं, त्यामुळे ते आर-वनच्या यादीत येऊच शकत नाही. म्हणून काय ते कमी दर्जाचं?

१९७३ साली हे गट पहिल्यांदा छापले गेले ते अभ्यासकांच्या सोयीसाठी. त्यांची गुणवत्ता यादी आपण केली, आणि विद्यापीठंही वरच्या गटात जायला धडपडू लागली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मला आवडला तो २०२५चा नवा भाग. आपल्या भागातल्या गरीब आणि वंचित मुलांना कॉलेज किती प्रमाणात घेतं आणि प्रवेशानंतर ८ वर्षांनी मुलं किती कमावतात, हे तिथे एकत्र पाहिलंय. दोन्हींत सरस ठरलेल्या ४७९ संस्थांना ‘ऑपॉर्च्युनिटी’ कॉलेज म्हटलंय. एवढ्यासाठी तरी ही साइट उघडाच.

एक तारा मात्र कापते. कमाईचे आकडे अमेरिकी सरकारची शैक्षणिक मदत घेतलेल्या मुलांचे आहेत. ती मदत परदेशी मुलांना मिळत नाही, म्हणजे आपली मुलं त्यात नाहीतच.

पाचपैकी चार. भाची आता चौदाही ठिकाणच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल लिहितेय: गेल्या वर्षी पास झालेल्या परदेशी मुलांपैकी किती जणांना नोकरी लागली?