पायोडर्मा गँग्रिनोसम आणि अडालिमुमॅब: सात महिने वापरल्यावर

डाव्या नडगीवर साधी पुळी आली होती. आठवड्याभरात तिचा खड्डा झाला, कडा जांभळ्या पडल्या आणि आतून पोखरल्यागत सुट्या झाल्या. अँटिबायोटिकचे दोन कोर्स वाया गेले. मग एका सर्जनने जखम खरवडून साफ केली आणि तिथेच घात झाला. चार दिवसांत ती दुप्पट!

बायॉप्सी करून, बाकीची कारणं वगळून त्वचारोगतज्ज्ञांनी नाव सांगितलं: पायोडर्मा गँग्रिनोसम. १९३० साली पडलेल्या या नावात पूही आहे आणि गँग्रीनही; आजार मात्र ना संसर्गाचा, ना गँग्रीनचा. आपल्याच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी कातडीवर उलटतात आणि तिथे सुरी लागली, नुसता मार बसला तरी आणखी चवताळतात.

आधी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड झालं. दुखणं उतरलं, पण तोंड सुजलं, झोप उडाली आणि डोस कमी केला की कडा पुन्हा जांभळ्या. म्हणून अडालिमुमॅब. सूज भडकवणारा टीएनएफ-अल्फा नावाचा रेणू हे औषध वाटेतच पकडतं. त्याआधी छातीचा एक्स-रे, क्षयाची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी. तेव्हा वैताग आला होता, पण शरीरात दबून असलेला क्षय या औषधाने डोकं वर काढू शकतो. ही पायरी कुणी गाळू नये.

मला पहिल्या दिवशी १६० मिलिग्रॅम दिलं, दोन आठवड्यांनी ८०, चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला ४०. जपानमध्ये २०२० साली या आजारासाठी मंजुरी मिळाली ती याच वेळापत्रकाला. तिथल्या अभ्यासात २२ पैकी १२ जणांची जखम २६ आठवड्यांत भरली. म्हणजे दहा जणांची नाही, हेही मी मनाशी धरून होतो.

इंजेक्शनचं पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवतो, थंड टोचलं तर जास्त झोंबतं. सुरुवातीला टोचल्या जागेचीच धास्ती होती: तिथेही खड्डा पडला तर? दोन दिवस मांडीवरचा तो ठिपका बघत बसायचो. काही झालं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पांघरूण नडगीला लागलं आणि मी जागा झालो नाही. माझ्यासाठी औषध लागू पडलं ते त्या रात्री. आकार मात्र हलेना. दर रविवारी पारदर्शक प्लास्टिक ठेवून मार्करने कड गिरवायचो. पहिल्या पाच रेघा जवळजवळ एकावर एक आहेत. औषध जाळपोळ थांबवतं, कातडी तिच्या चालीनेच येते. तोवर न चिकटणारं ड्रेसिंग, सलाइनने भिजवून काढायचं. कितीही घाई असली तरी ओढायचं नाही.

पाचव्या महिन्यात तापामुळे डॉक्टरांनी एक डोस थांबवला. तो आठवडा मी नुसता कडांचा रंग बघण्यात काढला.

आता जखम शर्टाच्या बटणाएवढी उरली आहे. भरलेल्या जागी चाळणीसारखा खडबडीत व्रण आहे, तो राहणार. प्रेडनिसोलोन पूर्ण बंद झालं. इंजेक्शन कधी थांबवायचं, ते अजून ठरलेलं नाही.